पहिल्या ओढीला सुरू झालेलं मशीन

१

माझा भाऊ कृष्णकांत समुद्रात गेला, पण बुडून नाही. होडीत बसल्या बसल्या गेला. होडी शाबूत होती, जाळं कोरडं होतं, टाकीत पेट्रोल होतं. त्याच्या भागीदाराने, विनोदने, आपली होडी बांधून ती चिंचणीच्या खाडीत ओढत आणली, आणि कुणीतरी सहज मशीनची दोरी ओढून पाहिली. पहिल्या ओढीला सुरू झालं! मेलं ते मशीन असं छान घुमत होतं की घण घालून त्याचे तुकडे करावेत असं मला वाटलं.

मी पुष्पलता. बोईसरला माझं आउटबोर्ड मशीनच्या सुट्या भागांचं दुकान आहे. आउटबोर्ड म्हणजे होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून टांगतात ते. नवरा गेल्यावर लोक म्हणाले, बाईमाणसाला हे जमायचं नाही, मिरची-मसाल्याचं बघ. मी म्हटलं, मसाला तुम्ही विका. तेव्हापासून या किनाऱ्यावरची जुनी मशीनं कुठे कुठे खोकतात ते मला तोंडपाठ आहे.

डॉक्टरांनी हृदयविकार लिहून दिला. पोलिसांनी मान डोलावली. पण मी माझ्या भावाचे हात पाहिले होते. दोन्ही तळव्यांची सालं निघाली होती. होडीत हत्यारांची पेटी उघडी, पाना बाहेर, जुना प्लग एका बाजूला. म्हणजे तो कितीतरी वेळ दोरी ओढत होता. ओढून ओढून त्याचं काळीज फुटलं. आणि चालू असलेल्या मशीनची दोरी कुणी ओढत नाही.

आदल्या दिवशी त्या मशीनचा कार्बोरेटर गावातल्या मेकॅनिकने, प्रदीपने, साफ केला होता. मग काय, गावाला आणखी काय पाहिजे? माझी भाची दिशा, सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी आलेली, छाती पिटून म्हणाली, "त्या प्रदीपने माझ्या बाबांना मारलं." रविवारी देवळापुढे होडीवाल्यांची बैठक ठरली. प्रदीपकडे या बंदरातल्या कुणीही मशीन द्यायचं नाही, असा ठराव होणार होता. म्हणजे त्याने गाव सोडायचं, दुसरं काय! प्रदीपचं सगळं घर त्या टपरीवजा गॅरेजवर चालतं.

म्हातारे माझ्याकडे आले. म्हणाले, "बाय, तू मशीन बघ. तू सांगशील तसं." माझ्याच भावाला मारणारं मशीन मीच उघडायचं! आणि मी उघडलं, कारण मला प्रदीपचा गळा धरायचा होता. खोटं कशाला बोलू.

२

आमच्या बंदरातल्या ओट्यावर पाण्याने पिंप भरून त्यात मशीन टांगलं. विनोद मदतीला होता. विनोद कृष्णकांतचा धंद्यातला भागीदार. त्या दिवशी तापाने घरी पडला होता म्हणून माझा भाऊ एकटा गेला. गावातली निम्मी कुजबुज त्याच्यावरही होती, कारण सगळ्यांचं पेट्रोल कॅनमधून तोच आणतो.

"पाणी मारलंस का रे पेट्रोलात?" मी तोंडावरच विचारलं.

"आक्का, माज्या पोरांची शपत! तेच पेट्रोल माज्या होडीत हाय. त्याच पेट्रोलवर मी त्याला आणायला गेलो."

टाकीतलं पेट्रोल मी काचेच्या बाटलीत ओतलं आणि ठेवून दिलं. पाणी असतं तर तळाला बसलं असतं. काही बसलं नाही. गाळणी साफ. कार्बोरेटर उघडला तर आत लख्ख! प्रदीपने जीव ओतून काम केलं होतं, आणि मला त्याचाही राग आला. मशीन पिंपात घातलं, चालू केलं. आम्ही चहा प्यायलो, विनोदची बायको येऊन रडून गेली, तरी ते आपलं चालूच.

"म्हंजे बिघाड नवताच," विनोद म्हणाला.

"होता. पण तो कृष्णकांतनेच काढला," मी म्हटलं. "बघ ना. प्लग बदललेला. टाकीहून येणारी नळी काढून परत लावलेली. गाळणी उघडलेली. मशीन एकदम मेलं असतं तर माणूस तुला हाक मारतो, वल्ही घेतो. तो झगडत बसला, कारण ते मधेमधे चालू होत होतं. प्रत्येक वेळी त्याला वाटलं, आता झालं."

मग मी टाकी उचलली. जुनी पत्र्याची टाकी. झाकणावर हवेचा स्क्रू असतो, तो तिचा कधीच तुटून गेलेला. तिथे नुसतं भोक. मी कितीदा म्हटलं, नवीन झाकण घेऊन जा. तो म्हणायचा, "ताई, भोक उघडंच हाय, तर स्क्रू कशाला?" त्या भोकाच्या कडेला सुईने खरवडल्याच्या ताज्या चकचकीत रेघा होत्या. आणि खाचेत काहीतरी पांढरं.

मी ते नखाने काढलं, बोटावर थुंकी लावून चोळलं. फेस आला. नाकाशी नेलं. पेट्रोलच्या वासाखाली तान्ह्या बाळाचा वास येत होता.

३

विनोदला मी जेवायला पाठवला आणि एकटीने परत मशीन लावलं. या वेळी झाकणाचं भोक साबणाने बुजवलं.

आधी छान चाललं. मग आवाज बारीक झाला, गुदमरला, बंद. नळीवरचा रबरी फुगा, दाबून पेट्रोल चढवायचा, तो चपटा होऊन बसला होता. टाकीत हवा जायला वाटच नाही, मग पेट्रोल बाहेर येणार कुठून? नळी काढली तशी फुस्स करून हवा आत गेली. परत लावली, दोरी ओढली, चालू! आणि थोड्या वेळाने पुन्हा बंद. बिचारा माझा भाऊ. प्लग बदलायला नळी बाजूला केली की चालू, त्याला वाटणार प्लग होता. गाळणी उघडली की चालू, त्याला वाटणार गाळणी होती. शेवटी सुई घालेपर्यंत त्या भोकाकडे त्याचं लक्षच नाही, कारण ते भोक वर्षानुवर्षं उघडंच होतं.

आता साबणाचं सांगते. आमच्याकडे पेट्रोलची टाकी झिरपली की तिथे साबण चोळतात. पेट्रोलात साबण विरघळत नाही. होडीवाले करतात, एमआयडीसीतले ट्रकवाले करतात. कृष्णकांतच्या टाकीच्या सांध्यावरही होता. पण तो कपड्यांचा निळा साबण. भोकातला पांढरा होता आणि महागाचा. म्हणजे हे त्याच्या हातचं काम नाही.

मी सरावलीला गेले, दिशाच्या नवऱ्याकडे. हर्षित कंपनीत कामाला आहे. गावात बोललं जात होतं की सासऱ्याशी त्याचं टाकीवरून वाजलं होतं.

"वाजलं होतंच," तो म्हणाला. डोळे सुजलेले. "दिशाला त्या वासाने उमासे यायचे, आत्या. मी म्हटलं, टाकी होडीत ठेवा. बाबा म्हणाले, होडीत ठेवली की पेट्रोल चोरतात. पण नंतर मी तिकडे गेलोच नाही, पाळी लागली होती सलग. तुम्ही कंपनीत विचारा."

"बाळासाठी काय काय आणलंस?"

तो गोंधळला. "तेल, पावडर, साबण. झबली अजून नाही घेतली, आई म्हणाली आधी घेऊ नये. का?"

"काही नाही," मी म्हटलं. परत येताना रिक्षात मी देवाला म्हणत होते, हर्षितनेच केलं असू दे, नाहीतर विनोदने, नाहीतर कुण्या चोराने. कुणीही चालेल.

४

जयवंती, माझी भावजय, दारातच बसली होती. तिला काही विचारलं की ती "हां" म्हणायची आणि पदराचं टोक पिळायची. दिशा आत खाटेवर. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"आत्या, बघितलंस ना मशीन? प्रदीपनेच काहीतरी घाण करून ठेवलेलं ना? सांग ना! माझ्या बाबांनी त्या मशीनला लेकरासारखं पुसलं, आणि याने..."

"बघतेय गं. जेवलीस का?"

"मला तो गावात नको. माझं बाळ त्याचं तोंड बघणार नाय."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. फळीवर बाळाच्या साबणाचं खोकं होतं. मी उगीच आवराआवर केल्यासारखं केलं आणि ते उघडलं. वडीचा एक कोपरा नखाने कोरून काढलेला होता.

"आता वासाचा त्रास नाही ना होत?" मी खोकं हातात धरूनच विचारलं.

"आता कुठला वास? टाकी तिकडं ओट्यावर हाय." ती भिंतीकडे बघत म्हणाली. "तवा लय व्हायचा. त्या संध्याकाळी मीच कायतरी करून बंद केला तो वास. बाबाला म्हणणार होती, बघ, तुझीच युक्ती. एक रात तरी नीट झोप लागली बघ आत्या. आन मी झोपली म्हणून बाबा मला न उठवताच गेला. उठवलं असतं तर निदान तोंड तरी बघितलं असतं."

तिला माहीतच नव्हतं. कधी होडीत न बसलेली पोर; टाकीला श्वास लागतो हे तिला कोण सांगणार? वास येतो त्या भोकाला बूच, इतकंच तिला कळलं.

मी मागे वळले तर जयवंती उंबऱ्यात उभी. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या हातातल्या खोक्याकडे बघत होती.

५

प्रदीप गॅरेजमध्ये हत्यारं गोणीत भरत होता. बैठक व्हायच्या आधीच! मला बघून उठून उभा राहिला.

"मावशी, बोल काय बोलायचं ते. मी ऐकून घेतो."

"बोलायचं तुला आहे. कार्बोरेटर लख्ख आहे. पेट्रोल चांगलं आहे. तुझी काडीची चूक नाही, आणि तू तोंडाला कुलूप लावून बसलास. साध्या नटावरून गिऱ्हाइकाशी तासभर भांडणारा तू! का रे?"

"बोलून काय व्हणार? काका गेला."

"त्याने शेवटचा फोन तुला केला. तू सगळ्यांना सांगितलंस, ग्राइंडरच्या आवाजात ऐकू आला नाही. नंतर मिस कॉल बघितला आणि विनोदला पाठवलं."

"हां. नाय ऐकला."

"असाच आहेस तू. मशीनची कटकट, तुझा फोन नाही, आणि बिचाऱ्याने समुद्रात एकट्याने..."

"केलं ना त्यानं चालू शेवटी!" तो उसळून म्हणाला. "माज्या मदतीशिवाय केलं!"

मी त्याच्याकडे रोखून बघितलं. त्याच्याही लक्षात आलं. विनोद पोहोचला तेव्हा मशीन बंद होतं. बंदरात ते चालू झालं ते लोकांच्या हाताने. समुद्रात कृष्णकांतने ते चालू केलं होतं, हे मला मशीन उघडल्यावर कळलं, आणि विनोदने ते अजून कुणाला सांगितलं नव्हतं; प्रदीपला ते फोनवरच कळलं असणार.

प्रदीप गोणीवर बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

"हसत हुता गं काका. मागं मशीनचा आवाज. म्हणाला, 'पद्या, चार शिव्या दिल्या तुला, माफ कर. आमच्या दिशीनं भोकात साबण कोंबलाय! वास येतो म्हणून. माजीच लेक, माजीच युक्ती. सुईनं काढला बघ.' मग म्हणाला, 'घरी बोलू नको हां. तिला कळलं तर रडंल, या दिवसांत रडू नये.' मग म्हणाला, 'हात लय दुखतो. बंद करून बसतो जरा.' मग कायच नाय. मी हाका मारल्या, मावशी. लय हाका मारल्या."

"आणि तू हे पोटात ठेवून गाव सोडायला निघालास?"

"त्यानं सांगितलं हुतं ना, बोलू नको. मरायच्या आदी सांगितलेलं. मी कुठंबी पोट भरीन, बेटेगावला माजा साडू हाय. तिला कळलं तर ती जगंल का?"

मी त्याचा गळा धरायला निघालेली बाई. त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

६

रविवारी सगळा गाव जमला. दिशा नको नको म्हणताना आली, खुर्चीत बसली, पोटावर हात ठेवून. जयवंती तिच्या मागे. प्रदीप कडेला, मान खाली.

मी रात्रभर विचार केला होता. खरं बोलले तर प्रदीप सुटतो आणि दिशा मरते. जिवंत राहून रोज मरते. गप्प बसले तर दिशा वाचते आणि हा निर्दोष माणूस मानहानी घेऊन गावाबाहेर. दोघांना वाचवायचं तर दोष घ्यायला तिसरं कुणीतरी हवं. ज्याला आता काही लागणार नाही, असं.

"प्रदीपचा काही दोष नाही," मी म्हटलं. "पेट्रोलचाही नाही. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं होतं. मिठाने आणि मळाने. हवा जाईना म्हणून मशीन बंद पडत होतं. कृष्णकांतने ते कधी साफ केलं नाही. झाकण मोडकं होतं, मी नवीन देत होते, त्याने घेतलं नाही. आळस केला. स्वतःच्या हलगर्जीपणाने गेला माझा भाऊ."

मशीनच्या बाबतीत माझ्या शब्दापुढे या बंदरात कुणी बोलत नाही. एक म्हातारा पुटपुटला, "एवडा जुना माणूस, आन भोक बघितलं नाय?" मागे एक दोघं चुकचुकले. उद्यापासून हे असं चुकचुकणं चालणार होतं. नव्या पोरांना शिकवताना नाव घेतलं जाणार होतं, कृष्णकांतसारखं करू नका. माझ्या भावाची सगळी अब्रू त्याच्या हातातल्या कामात होती, आणि ती मी देवळापुढे सगळ्यांसमक्ष उतरवली.

दिशा उठली. विनोद सावरायला गेला तर तिने त्याचा हात झटकला.

"खोटं! माझा बाबा रोज ती टाकी पुसायचा! रोज! आळशी म्हणतेस त्याला? तो मेला म्हणून? तुझं गिऱ्हाईक हाय ना प्रदीप, म्हणून त्याला वाचवलंस. भाऊ गेला तरी दुकान बघितलंस!"

"दिशा, बस बाय..."

"माझ्या दारात येऊ नको. माझ्या बाळाला हात लावायचा नाय. तू माझी कोण नायस!"

प्रदीपने मान वर केली. बोलणार होता. मी त्याच्याकडे असे डोळे वटारले की त्याचं तोंड तसंच मिटलं. तुला शपथ घातलीय, मेल्या, मी मनात म्हटलं, आता नीट पाळ.

ठराव झाला नाही. लोक उठले. मी चपला शोधत होते, दिसतच नव्हत्या डोळ्यांना. रस्त्याला लागले तोच मागून जयवंती धावत आली. तिने माझा दंड धरला.

"वन्सं," ती म्हणाली, "साबण मी फेकून दिला. खोक्यासकट. तिला सांगितलं, मुंग्या लागल्या."

आम्ही दोघी तिथेच, माडाखाली, एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. मग मागून दिशाने आईला हाक मारली आणि जयवंती डोळे पुसून गेली. मी तिच्याबरोबर घरी जाऊ शकत नव्हते. त्या घरात माझा जन्म झाला होता.

७

प्रदीपचं गॅरेज चालू आहे. सामान न्यायला तो स्वतः येत नाही, कुणाला तरी पाठवतो. माझ्या तोंडाकडे बघवत नाही म्हणतो. राग ओसरल्यावर दिशा त्याची माफी मागून आली, असं कळलं; बाबाला आळशी म्हटलेलं मात्र तिने मला माफ केलं नाही. बरं झालं. लोक मला विचारतात, भाचीचं काय चाललंय? मी म्हणते, मजेत. भावाचं वर्षश्राद्ध व्हायचं आहे, पण बोलावणं येणार नाही हे मला माहीत आहे.

परवा दुकानात गर्दी होती. फोन वाजला, जयवंतीचा. तिचा आवाज अगदी हळू, विहिरीपाशी उभी राहून बोलत असावी.

"वन्सं, मुलगी झाली. डिट्टो ह्यांच्यावर गेलीय, तेच कपाळ. थांबा हां."

मग काही वेळ नुसती खरखर, पावलांचा आवाज, दार. आणि मग ते रडणं. एवढंसं, चिरकं, रागावलेलं. कृष्णकांत असाच रडायचा. मी त्याला कडेवर घेऊन अंगणभर फिरायची. मी फोन दोन्ही हातांनी कानाला दाबला. गिऱ्हाईक काहीतरी मागत होतं, मी त्याला हातानेच थांब म्हटलं.

मागून दिशाचा आवाज आला. दमलेला, पण बरा. दोन महिन्यांनी ऐकला.

"आई, कोनाचा फोन गं?"

फोनवर पदराची खसखस झाली.

"कोनाचा नाय," जयवंती म्हणाली. "राँग नंबर हाय."